बोलण्यावरून गाव ओळखताना

भाषा बारा कोसांवर बदलते, असं म्हणतात. मी जिथे वाढले त्या लोणखेड्यात एवढं चालायची गरज पडत नाही. लोणखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, शहाद्याला लागून असलेलं गाव. खेतियाकडे गेलं की मध्य प्रदेश लागतो, निझर-उच्छलकडे गेलं की गुजरात, आणि उत्तरेला सातपुडा उभाच आहे. गुजर समाजाच्या घरांत गुजरी बोलतात, शेजारच्या गल्लीत अहिराणी, शेतावर कामाला येणाऱ्यांची भिल्ली, धडगावकडून शिकायला येणाऱ्या मुलांची पावरी. शाळेत मराठी, व्यापाऱ्याशी हिंदी किंवा गुजराती. एकच माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत यातल्या तीन-चार भाषा सहज बोलून जातो आणि आपण काही विशेष करतोय असं त्याला वाटतही नाही.

अशा ठिकाणी कान फार लवकर तयार होतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून व्यापारी येतात. त्यांची हिंदी ऐकून कोण कुठला हे ओळखायचा खेळ आमच्याकडची मोठी माणसं खेळत. घोडा दातांवरून ओळखावा आणि व्यापारी बोलण्यावरून, असा एकंदर कारभार. बरेचदा अंदाज बरोबर निघे. चुकला तर हसून सोडून देत, कारण त्यात कोणाचं काही जाणार नसे.

या लेखाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. बोलण्यावरून माणसाचं मूळ ओळखता येतं का? येत असेल तर नेमकं काय ओळखता येतं? आणि त्या ओळखीवर आपण किती वजन टाकावं?

आपण ज्याला सरसकट 'हेल' म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे खरा हेल, वाक्याची चाल. कुठे आवाज चढतो, कुठे शेवटचा स्वर लांबतो. दुसरी म्हणजे उच्चार. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. काळा तो काया आणि डोळा तो डोया. तिसरी म्हणजे शब्द आणि व्याकरण. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'मला'ला 'माले', 'माझा'ला 'मन्हा'. यातली तिसरी गोष्ट माणूस सर्वांत आधी बदलतो, कारण ती त्याची त्याला ऐकू येते. उच्चार बदलायला काही वर्षं लागतात. चाल मात्र बहुतेकांची शेवटपर्यंत राहते. म्हणून पुण्या-मुंबईत वीस वर्षं काढलेला, निवडून निवडून शब्द वापरणारा खानदेशी माणूस रागावला किंवा फोनवर आईशी बोलू लागला की शेजारचा चटकन विचारतो, 'तुम्ही धुळ्याकडचे का?'

आता माझंच घ्या. माझे वडील सांगली जिल्ह्यातून पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला आले. आमच्या घरात 'व्हय', 'न्हाई' आणि वाक्याच्या शेवटी 'की' असे. उंबऱ्याबाहेर लोणखेडा असे. मुलं घरातल्यापेक्षा गल्लीतली भाषा लवकर उचलतात, तसं माझंही झालं. 'काया', 'डोया' माझ्या तोंडात पक्कं बसलं. 'मी आले'ऐवजी 'मी आली' आणि 'मी गेले होते'ऐवजी 'मी गेली होती' म्हणणं हीसुद्धा आमच्याकडची खूण. सुट्टीत सांगलीकडे गेलं की चुलत भावंडं मला 'खानदेशी' म्हणत. लोणखेड्यात आम्ही 'देशावरचे'. पुढे पुण्यात वसतिगृहात 'मी आली' ऐकून एकीने मला सरळ विचारलं, 'तू नागपूरची ना?' कारण विदर्भातही तसंच बोलतात, 'ळ'चा 'य' वऱ्हाडीतही होतो, आणि पुण्यातल्या त्या मुलीच्या कानाला नाशिकच्या पलीकडचा सगळा मुलूख एकच होता.

म्हणजे वंशाने मी सांगलीची, वाढीने लोणखेड्याची आणि ऐकणाऱ्याच्या मते नागपूरची. या तिन्हींत माझ्या बोलण्याने काय सांगितलं? जन्म सांगितला नाही, वंश सांगितला नाही. मी लहानपणी कोणाबरोबर खेळले एवढंच सांगितलं. तेही ज्याला खानदेश माहीत आहे त्यालाच.

याच्या अगदी उलट उदाहरण मला पुढे शहाद्याकडेच शिकवताना भेटलं. धडगाव तालुक्यातला एक पावरा मुलगा आमच्या वर्गात होता. घरची भाषा पावरी, बाजाराची हिंदी. मराठी त्याने आश्रमशाळेत शिकली, म्हणजे ती त्याची तिसरी भाषा. त्याची मराठी वर्गातल्या सगळ्यांपेक्षा 'पुस्तकी' होती. 'ळ' ठसठशीत, 'ण' जागच्या जागी. अधूनमधून वाक्याच्या शेवटी 'की' येई. 'येतो की', 'वाचलंय की'. माझ्या वडिलांच्या मुलखातला तो 'की' मला स्वतःला येत नाही, आणि सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या या मुलाच्या तोंडी तो अगदी सहज होता. विचारल्यावर उलगडा झाला. आश्रमशाळेत पाचवी ते दहावी त्याला मराठी शिकवणारे सर सांगलीकडचे होते. त्याने भाषा ज्या एका माणसाकडून घेतली त्या माणसाचं गाव भाषेबरोबर त्याच्याकडे आलं.

हाच मुलगा नोकरीसाठी फोन करी तेव्हा पलीकडचा माणूस आदराने बोले. समोर गेला, नाव सांगितलं, की चेहऱ्यावर आश्चर्य येई. 'अरे वा, तू किती शुद्ध बोलतोस!' हे कौतुक होतं हे खरं. पण त्या कौतुकात 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' हेही होतं. मुलाला ते दोन्ही कळे आणि तो दोन्हींवर सारखंच हसे.

या दोन उदाहरणांवरून मला जे वाटतं ते असं. लहजा हा जन्माचा दाखला नसतो. ती सोबतीची नोंद असते. आपण कोणात वाढलो, कोणाकडून शिकलो, कोणाला आवडावं असं आपल्याला वाटत होतं आणि कोणी हसू नये म्हणून आपण काय लपवलं, हे सगळं तिच्यात उतरतं. बहुसंख्य माणसं जिथे जन्मतात तिथेच वाढतात, म्हणून सोबतीची नोंद आणि जन्माचा दाखला जुळतात. ते इतक्या वेळा जुळतात की दोन्ही एकच आहेत असं आपण धरून चालतो. फसगत होते ती इथेच.

आणि ही फसगत केवळ सामान्य ऐकणाऱ्याची होते असंही नाही. बहिणाबाई चौधरींच्या कविता अहिराणीत आहेत, असं आजही कितीतरी जण सांगतात. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८० चा. त्यांची बोली त्या भागातल्या लेवा समाजाची, म्हणजे लेवा गणबोली. अहिराणी मुख्यतः धुळे-नंदुरबारकडची. दोन्ही खानदेशातल्या, दोन्हींत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून बाहेरच्या कानाला दोन्ही एकच. पण धुळ्याच्या आजीला असोद्याची आजी पहिल्या वाक्यातच वेगळी वाटेल. कानाला जेवढं माहीत असतं तेवढंच तो ऐकतो. उरलेलं तो जवळच्या ओळखीच्या खणात टाकतो.

अख्ख्या प्रदेशाच्या बाबतीतही असं झालेलं आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल भाषांबरोबर ठेवलं आहे. अहिराणी मराठीची बोली की गुजरातीच्या जवळची की स्वतंत्र भाषा, हा वाद त्यानंतर थांबलेला नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आणि ती बोलणाऱ्यांची संख्या अठरा लाखांच्या वर भरली. डांगच्या लोकांची बोली मराठीची की गुजरातीची यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने भांडण झालं आणि १९६० साली डांग गुजरातेत गेला. त्याच वेळी जुन्या पश्चिम खानदेशातली नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागातली बरीच गावंही गुजरातेत गेली. तिथल्या लोकांच्या तोंडची भाषा आदल्या दिवशी होती तीच दुसऱ्या दिवशी राहिली. बदललं ते तिला कोणत्या भाषेचा 'हेल' म्हणायचं एवढंच. निझरच्या माणसाच्या बोलण्यात आज गुजरातीची झाक ऐकू येते असं आपण म्हणतो, तेव्हा ती झाक त्याच्या बोलण्यात किती आणि आपल्या डोक्यातल्या नकाशात किती, हे सांगणं सोपं नाही.

आपण नकाशा कानाने ऐकतो, ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी केलेला एक प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच अमेरिकन स्त्रीच्या आवाजातलं ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. एका गटाला व्याख्यात्या म्हणून गोऱ्या स्त्रीचा फोटो दाखवला, दुसऱ्याला आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचा. आवाज तोच, शब्द तेच. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना तिच्या बोलण्यात परकी ढब ऐकू आली आणि व्याख्यानही कमी समजलं. नसलेला लहजा त्यांच्या कानांनी तयार केला. आमच्या त्या पावरा विद्यार्थ्यालाही कोणी कधी नाव ऐकल्यावर म्हणालं असेल, 'बोलण्यात थोडा डोंगराकडचा हेल आहे हं.' तो हेल त्याच्या तोंडात नव्हता, आडनावात होता.

यात आणखी एक गोष्ट आपण विसरतो. स्वतःला हेल नाही असं मानणारा माणूसही कुठला तरी हेल घेऊनच बोलत असतो. एकोणिसाव्या शतकात मराठीचे कोश आणि व्याकरणं तयार झाली, शाळांची क्रमिक पुस्तकं निघाली, तेव्हा प्रमाण म्हणून जी भाषा धरली गेली ती मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या, आणि त्यातही ब्राह्मण वर्गाची होती. एक भाषा सगळ्यांना वाचता यावी म्हणून काहीतरी एक ठरवावं लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः ती भाषा शिकवून पोट भरते आणि हा लेखही तिच्यातच लिहिते आहे. पण ठरवलेली गोष्ट आणि नैसर्गिक गोष्ट यांत फरक आहे. 'पाणी' म्हणणारा तटस्थ आणि 'पानी' म्हणणारा गावठी, असं कानाला वाटू लागलं की उच्चारावरून आपण गावच नाही तर जात, शिक्षण आणि अक्कलसुद्धा मोजायला लागतो. या धास्तीने काही माणसं दिसेल तिथे 'न'चा 'ण' करतात आणि 'मन'चं 'मण' होऊन बसतं. मग ऐकणारा हसतो. पण ते हसू ज्याच्यावर येतं त्याने चूक केलेली असते ती फक्त जास्त काळजी घेण्याची.

हसण्यापर्यंत ठीक आहे, असं कोणी म्हणेल. नाही, तिथे थांबत नाही. १९९९ मध्ये पर्नेल, इडसार्डी आणि बॉ या तीन भाषाशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच माणसाने तीन वेगवेगळ्या लहजांत घरमालकांना फोन केले, घर भाड्याने आहे का म्हणून. गोऱ्या वस्तीच्या भागात काळ्या किंवा मेक्सिकन वळणाच्या इंग्रजीत फोन केला की घर पाहायला या असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. माणूस ओळखायला पूर्ण वाक्यही लागत नाही. नुसत्या 'हॅलो'वरून ऐकणारे साधारण सत्तर टक्के वेळा वळण ओळखू शकले. आपल्याकडे असा अभ्यास करायची गरज नाही. शहरात भाड्याने खोली शोधलेल्या कोणत्याही बाहेरगावच्या मुलाला विचारा. 'खोली आताच गेली' हे उत्तर आडनाव सांगण्याआधी कधी मिळतं आणि सांगितल्यानंतर कधी, हे तो सांगेल.

आणि जिथे ऐकणाऱ्याच्या हातात बंदूक किंवा शिक्का असतो, तिथे हा खेळ जिवावर बेततो. बायबलच्या जुन्या करारात, शास्त्यांच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ती प्रसिद्ध गोष्ट आहे. गिलादच्या लोकांनी यार्देन नदीचे उतार रोखले आणि पळून येणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावलं. एफ्राईमच्या लोकांना 'श' म्हणता येत नसे. जो 'सिब्बोलेथ' म्हणाला तो मारला गेला. बेचाळीस हजार माणसं पडली, असं तिथे सांगितलं आहे. या गोष्टीकडे लोक कानाच्या चतुराईची गोष्ट म्हणून पाहतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं. उतारावर उभ्या असलेल्या शिपायाने 'तू लढलास का, कोणाला मारलंस का' हे विचारलंच नाही. त्याने जीभ तपासली आणि माणसाचा निकाल लावला. 'शाळे'ला 'साळा' म्हणणारे कितीतरी मराठी लोक त्या उतारावरून जिवंत परत आले नसते.

आजच्या काळातला नदीचा उतार म्हणजे सरहद्द आणि पोलीस ठाणं. १९९०च्या दशकापासून युरोपातल्या काही देशांत आश्रय मागणाऱ्या निर्वासितांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ते खरोखर सांगतात त्या देशाचे आहेत का, हे तपासायला सुरुवात झाली. त्यातले घोटाळे पाहून २००४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या १९ भाषाशास्त्रज्ञांनी मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. त्यांचं मुख्य म्हणणं असं की, बोलण्यावरून माणूस कोणत्या समाजात वाढला याबद्दल काही अंदाज बांधता येतो, पण राष्ट्रीयत्व किंवा नागरिकत्व ठरवता येत नाही. भाषा सरहद्दीवर थांबत नाहीत आणि माणूस एकाच भाषेत राहत नाही. ज्यांचा कान आयुष्यभर या कामात मुरला आहे त्यांनीच कानाला एवढी मर्यादा घातली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या राज्यात ही मर्यादा पाळली गेली नाही. २०२५ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात मजुरीला आलेल्या पश्चिम बंगालमधल्या काही माणसांना बांगलादेशी समजून पकडण्यात आलं आणि सीमेपार ढकलण्यात आलं. ते भारतीय असल्याची कागदपत्रं त्यांच्या राज्याने पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. मुर्शिदाबादची बंगाली आणि पलीकडच्या राजशाहीची बंगाली यांच्यात पद्मा नदी आहे, पण भाषेत तशी नदी नाही. सीमेवरच्या जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागू नये. निझर आणि नंदुरबार यांच्यामध्ये जी रेघ आहे ती १९६० साली कागदावर आली. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांकडे मुली देत होती, अजूनही देतात. उद्या कोणी त्या रेघेवर उभं राहून 'बोलून दाखव' म्हणालं, तर अर्ध्या वऱ्हाडाला लग्नाला पोहोचता येणार नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. लहजा कधीकधी मुद्दाम फसवण्यासाठीही वापरतात, त्याचं काय? निवडणुकीच्या सभेत बाहेरून आलेला पुढारी सुरुवातीची दोन वाक्यं अहिराणीत बोलतो, टाळ्या घेतो आणि मग नेहमीच्या भाषेवर येतो. ती दोन वाक्यं माहिती द्यायला नसतात. 'मी तुमचाच' असा दावा करायला असतात. असा दावा खोटा असेल तर त्याला फसवणूक म्हणायला माझी हरकत नाही. पण म्हणून लहजा बदलणारा प्रत्येक माणूस लबाड ठरत नाही. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 'ती फुलराणी' लिहिलं, ते १९७५ साली रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्वेंनी मंजुळा घराघरांत पोहोचवली. फुलं विकणाऱ्या मुलीने भाषा बदलली, यात तिने कोणाला फसवलं? ती कोण आहे याबद्दल तिने काही सांगितलंच नव्हतं. बघणाऱ्यांनी आपलं आपण ठरवलं. 'पिग्मॅलियन'च्या १९३८ च्या चित्रपटात तर एक हंगेरियन भाषातज्ज्ञ छातीठोकपणे सांगतो की ही मुलगी इंग्रज असणंच शक्य नाही, कारण ती इंग्रजी फार बिनचूक बोलते, तेव्हा ही नक्की हंगेरीची राजकन्या! तज्ज्ञाचं निरीक्षण अगदी खरं होतं. शिकून घेतलेली भाषा जास्त बिनचूक असते, आमच्या पावरा मुलाची होती तशीच. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पार चुकला.

म्हणून मला वाटतं, एखाद्याच्या बोलण्यावरून आपला चुकीचा ग्रह झाला तर 'त्याच्या बोलण्याने मला फसवलं' हे वाक्यच चुकीचं आहे. उच्चार काही सांगत नाही. सांगतो तो माणूस. उच्चारावरून जे आपण ठरवतो ते आपण ठरवतो, आणि म्हणून त्याची जबाबदारी आपली. पुढाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण तो उच्चाराला दावा करायला लावतो. पण नोकरीसाठी 'काया'चं 'काळा' करणाऱ्या मुलीने दावा केलेला नसतो. तिने फक्त दारातून आत जाता यावं म्हणून चप्पल बाहेर काढलेली असते.

त्या चपलेचं दुःख मात्र असतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्या मुलांनी शहरात जाऊन आपली बोली पुसली ती गावी आली की पहिले दोन दिवस आईशी अडखळत बोलतात. आई काही म्हणत नाही, पण तीही मग सावरून बोलू लागते, पाहुण्यांशी बोलावं तशी. लहजा ही सोबतीची नोंद असेल, तर तो पुसणं म्हणजे एक सोबत पुसणं. मी विद्यार्थ्यांना प्रमाण मराठी शिकवते, ती त्यांना यायलाच हवी. त्याचबरोबर एवढंच सांगते की ही आणखी एक भाषा आहे, घरच्या भाषेच्या जागी आलेली नाही. आमच्या लोणखेड्यात माणसं दिवसाला चार भाषा बोलतात तिथे पाचवी जड होऊ नये.

मग आपण कोणाच्या बोलण्यावरून काही ओळखायचंच नाही का? तसं मला म्हणायचं नाही. ते शक्यही नाही आणि चांगलंही नाही. परमुलखात, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर कोणाच्या तोंडून 'शे' ऐकू आलं की जीव कसा सुपाएवढा होतो, हे ज्याचं त्यालाच माहीत. तंजावरकडे सतराव्या शतकापासून राहणारे मराठी लोक आहेत. त्यांच्या मराठीत तमिळचा लहजा इतका मुरलेला आहे की आपल्याला आधी तमिळच ऐकू येते, आणि मग मध्येच एखादा जुना मराठी शब्द चमकून जातो. साडेतीनशे वर्षांची सोबत त्या एका वाक्यात आहे. असं काही ऐकून ज्याला कुतूहल वाटत नाही त्याच्या कानाची मला कीव येईल.

फरक करायचा तो कुतूहल आणि निकाल यांत. मी माझ्यापुरता एक साधा हिशेब ठेवला आहे. माझा अंदाज चुकला तर किंमत कोण देणार? सारंगखेड्याच्या बाजारात चुकला तर कोणीच नाही, तिथे खुशाल ओळखावं. वर्गात, मुलाखतीत, खोली भाड्याने देताना चुकला तर किंमत समोरचा देतो आणि त्याला ती कशाची दिली हे कळतही नाही. तिथे कानाने गप्प बसावं. पोलीस ठाण्यात आणि सरहद्दीवर चुकला तर माणसाचं घर, देश, कधीकधी जीव जातो. तिथे कानाची साक्ष घ्यायचीच असेल तर ती फार तर पुढचा प्रश्न विचारण्यापुरती घ्यावी, उत्तर म्हणून नाही.

'तुम्ही कुठले?' हा प्रश्न वाईट नाही. मराठीत तो दोन प्रकारे विचारला जातो. एकात विचारणारा ऐकायला थांबतो. दुसऱ्यात त्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्याला फक्त खात्री करायची असते. ज्याला विचारलं जातं त्याला हा फरक पहिल्या अक्षरातच कळतो. कारण विचारणाऱ्यालाही हेल असतो.